गोळ्या न्यायला भाऊ येतो

मंगळवार, १८ जून २०१९. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. निलंग्यातील एका मठाच्या सभागृहात आमची मनोविकारांची साप्ताहिक ओपीडी चालू होती. बी-बियाणे आणि फवारणीच्या औषधांचा दुकानदार बसवराज रांग सोडून पुढे आला आणि त्याने धाकट्या भावाचे पिवळे कार्ड माझ्या टेबलावर ठेवले.

"ब्रदर, जरा लवकर द्या. पेरणीचे दिवस हायत. दुकानात गिऱ्हाईक उभं हाय."

"मल्लिनाथ कसा आहे?"

"एकदम बरा. आवाज न्हाईत, बडबड न्हाई. गप बसून असतो."

मी पेन उचलले.

इथे थोडे थांबून माझ्या कामाविषयी सांगणे आवश्यक आहे. मी मनोविकार विभागात परिचारक होतो. पहिली अकरा वर्षे नांदेडला, नंतरची वीस लातूरला. पुरुष परिचारकाला आपल्याकडे सगळे ब्रदर म्हणतात. माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमानही मला ब्रदर म्हणत, आणि ते थट्टेने म्हणत नसत. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे हलकेफुलके अनुभव मागितले होते. ते माझ्यापाशी फारसे नाहीत. आहेत ते लिहितो.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कित्येक वर्षे, पुष्कळदा जन्मभर, औषध घ्यावे लागते. प्रकृती स्थिरावली की डॉक्टर तीन-तीन महिन्यांचे औषध लिहून ठेवतात आणि दर महिन्याला ते देण्याचे काम परिचारकाकडे येते. मी विचारायचे, "आवाज येतात का? संशय घेतो का? अंगावर धावून जातो का?" तिन्ही उत्तरे नाही आली की कार्डावर लिहायचे: शांत आहे, तेच चालू. मग गोळ्या मोजून द्यायच्या. एका सकाळी मी अशी सत्तर-ऐंशी कार्डे उरकत असे. त्या वेगाचा मला अभिमान होता.

रुग्णाने स्वतः यावे असा आग्रह आम्ही धरत नसू. एसटीत लोक टक लावून पाहतात, मजुरी बुडते, बाईमाणूस असेल तर सोबत लागते. म्हणून बाप, भाऊ किंवा नवरा कार्ड घेऊन येई. ही सवलत आम्ही दयेपोटी दिली होती. त्यामुळे काही रुग्ण आमच्या नजरेला वर्ष-वर्ष पडत नसत, आणि कार्डावर मात्र ते दर महिन्याला शांत असत.

नांदेडच्या दिवसांत मी दर गुरुवारी कंधारला जाई. तिथे रशीद नावाचा अठ्ठावीस वर्षांचा शिंपी आमच्या उपचाराखाली होता. भिंतीपलीकडून माणसे आपल्याला शिव्या देतात असे त्याला ऐकू येई. चार महिन्यांच्या औषधाने ते थांबले. त्यानंतर त्याचे वडील कार्ड घेऊन येऊ लागले. काळी टोपी, हातात कापडी पिशवी, अत्यंत अदबशीर माणूस. मी विचारी, "रशीद कैसा है?" ते म्हणत, "खामोश है, ब्रदर. अल्ला का शुकर है. किसी को तकलीफ नै देता." मी तीन महिने लिहिले: शांत आहे, तेच चालू.

चौथ्या महिन्यात ते आले ते कार्ड न घेता. पिशवीतून गोळ्यांची पाकिटे काढून त्यांनी माझ्यासमोर एकावर एक रचली.

"ये वापस लेलो, ब्रदर. किसी गरीब के काम आते."

"का? रशीद घेत नाही?"

"रशीद नै रहा."

काय झाले ते मी विचारले नाही. पुढच्या बाकावरच्या लोकांनी माना खाली घातल्या होत्या. रशीदने जीव दिल्याचे कंधारात सगळ्यांना ठाऊक होते, एक मी सोडून. दिलेले औषध परत घेता येत नाही, असा नियम आहे. तो मी त्यांना सांगितला. ते तासभर बाकावर बसून होते. जाताना पाकिटे तिथेच ठेवून गेले.

रशीदला आवाज ऐकू येत नव्हते, हे खरे होते. तो गप्प होता, हेही खरे होते. त्याला दुसरा आजार झाला होता आणि त्याचे लक्षण आम्ही सुधारणा म्हणून नोंदवत होतो.

ही गोष्ट आमच्या क्षेत्राबाहेरच्यांना सहसा माहीत नसते, म्हणून स्पष्ट लिहितो. स्किझोफ्रेनिया झाला म्हणून इतर मनोविकारांपासून माणसाची सुटका होत नाही. मधुमेह्याला मलेरिया होतो, तसेच इथेही. खोल नैराश्य येते, भीतीचे झटके येतात, कृतीचा किंवा विचाराचा चाळा लागतो, दारूची आणि गांजाची सवय जडते. पहिला आजार मोठा आणि बोलका असतो. त्याच्या आवाजात दुसरा ऐकू येत नाही. कार्डावर निदान एकच लिहिलेले असते, आणि पुढे दहा वर्षे जे काही घडेल ते त्या निदानाच्या खात्यात जाते. नैराश्याची वेळ पुष्कळदा पहिला आजार ओसरल्यावर येते. घरचे पेढे वाटतात, आणि त्याच सुमारास रुग्ण आपल्या आयुष्याकडे प्रथमच नीट पाहू लागतो.

सगळ्याच चुका अशा शेवटाला जात नाहीत. माहूरहून एक बाई नांदेडच्या ओपीडीत येत. गडाच्या पायथ्याशी राहणे, वर प्रसादाचे दुकान. संशयाचा आजार औषधाने आटोक्यात होता. एकदा त्यांचा नवरा एकटाच आला आणि समाधानाने म्हणाला, "आता लई भक्ती वाढून राहिली तिची, ब्रदर. सकाळी सातला निघते, दुकान उघडते दुपारी एकला."

"मधले सहा तास काय करते?"

"पायऱ्या चढून राहिली. एकेका पायरीला हात लावते. मनात वाईट विचार आला की पुन्हा खालून सुरू."

"रोज?"

"रोज. आता तर यात्रेकरू तिच्याच पाया पडून राहिले."

आम्ही सगळे हसलो, मीसुद्धा. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी बाईंना बोलावून घेतले. बाईंच्या तळहातांची साले निघाली होती. त्या म्हणाल्या, "मला न्हाई हो लावायचा हात. देवीची शपथ. पण थांबता येत न्हाई." तो मंत्रचळ होता, पहिल्या आजाराच्या जोडीने आलेला. कधीकधी पहिल्या आजाराच्या औषधानेही तो बळावतो. डॉक्टरांनी औषध बदलले, दुसरे उपचार जोडले. सहा महिन्यांनी दुकान सकाळी नऊला उघडू लागले. नवरा थोडा हिरमुसला होता.

रशीदनंतर मी स्वतःसाठी एक पद्धत ठरवली. कार्ड घेऊन नातेवाईक आला, की तिन्ही प्रश्नांच्या पुढे आणखी विचारायचे. जेवतो किती? झोपतो केव्हा, उठतो केव्हा? अंघोळ? कुणाशी बोलला? पूर्वी करत होता आणि आता करत नाही, असे काय आहे? रांग वाढे, लोक कुरकुरत. "ब्रदर पोलीस झालेत," असे एकदा मागून ऐकू आले. मी वळून पाहिले नाही.

निलंग्यातल्या त्या मंगळवारी पेन उचलल्यावर मी बसवराजला हेच विचारले.

बसवराजविषयी एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. आठ वर्षांत त्याने एकही महिना चुकवला नव्हता. मल्लिनाथ तेव्हा छत्तीसचा होता. विसाव्या वर्षी आजारी पडलेला. आईवडील गेल्यावर बसवराजने भावाला वेगळे काढले नाही, कोंडले नाही, कुठल्या देवस्थानी नेऊन सोडले नाही. असे भाऊ मी थोडे पाहिले आहेत.

"जेवण?"

"अर्धी भाकरी. उन्हाळा व्हता ना."

"झोप?"

"पहाटं जागाच असतो. पण गप असतो, ब्रदर. कुणाला त्रास न्हाई."

"पूर्वी करायचा आणि आता करत नाही, असं काही?"

बसवराजने घड्याळ पाहिले. "तसं काय न्हाई. जुनी पुस्तकं वाटून टाकली. परवा गळ्यातलं लिंग काढून देवघरात ठेवलं. म्हणला, जड हुतंय. आता आजारी माणसाला काय बोलायचं? द्या ना गोळ्या."

माझे बालपण उदगीरला लिंगायत शेजारात गेले. गळ्यातले इष्टलिंग म्हणजे काय, हे मला कुणी शिकवण्याची गरज पडली नाही. ते अंघोळीला उतरत नाही, झोपेत उतरत नाही, आजारपणात उतरत नाही. माणूस गेला की त्याच्यासोबत ते मातीत जाते. मल्लिनाथ ऐन आजारात, आवाज कानात ओरडत असताना, अंगावरचे कपडे फेकून रस्त्यावर धावला होता, तेव्हाही ते त्याच्या गळ्यात होते. त्या दिवशी त्याला आवरायला मीच होतो.

मी पेन खाली ठेवले.

"घरी कोण आहे?"

"मंडळी हाय. का?"

"चला."

"कुठं? ब्रदर, दुकान..."

"दुकान बंद करा."

"आवाज न्हाईत म्हणलो ना मी!"

"ऐकलं. चला."

रांगेतून कुणीतरी म्हणाले, "आमी काय इथं लिंगपूजा करायला बसलाव का?" मी सहकारी सिस्टरांकडे कार्डांचा गठ्ठा दिला. डॉक्टर त्या दिवशी उदगीरला होते. फोनवर मी त्यांना चार वाक्यांत सांगितले. ते म्हणाले, "स्पष्ट विचारा. एकटा सोडू नका. लातूरला आणा." बसवराजच्या मोटरसायकलवर मागे बसलो.

दुकानामागे घर, घरामागे गोदाम. गोदामात काय असते ते सांगायला नको. त्याच्या दाराशी, उंबऱ्याला टेकून, बसवराजची बायको गंगाबाई शेंगा फोडत बसली होती. बियाण्याच्या शेंगा, भोवती टरफलांचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. आम्हाला पाहून ती उठली नाही.

"आलात व्हय," ती मला म्हणाली. "ह्यांना मी रविवारीच सांगितलं. म्हणले, तुला समदं इपरीतच दिसतंय."

"किल्ली?"

तिने पदराची गाठ दाखवली. "रात्री बी हितंच निजले. मच्छरांनी फोडून काढलं."

बसवराज बायकोकडे पाहत राहिला. "मला वाटलं, उकाड्यानं बाहेर निजतीस."

"तुमाला लई वाटतंय," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

मल्लिनाथ मधल्या खोलीत खाटेवर बसला होता. दाढी वाढलेली, सदरा स्वच्छ. मला ओळखून त्याने हात जोडले. मी समोर स्टूल ओढून बसलो.

असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी समजूत सर्वत्र आहे, शिकलेल्यांतही आहे. ती चुकीची आहे. विचार असतो तेव्हा तो आधीपासूनच असतो, आणि विचारणारा कुणी भेटला नाही म्हणून आत राहतो.

"मल्लिनाथ, मरावंसं वाटतं का?"

दारात उभा असलेला बसवराज म्हणाला, "ब्रदर, असलं काय..."

"तुम्ही थांबा."

मल्लिनाथने एकदा भावाकडे पाहिले. मग म्हणाला, "हाव."

"आवाज सांगतात का?"

"आवाज कवाच गेले. ते व्हते तवा सोबत तरी व्हती. शिव्या द्यायचे, पण बोलायचे. आता कुणीच बोलत न्हाई. आता समदं सरळ दिसाया लागलं. माझ्या वर्गातल्यांची लेकरं जुनियर कालिजात जाया लागली. मी खाटेवर. आण्णा गोळ्या आणतो, मी खातो. ह्याच्याबिगर मी काय केलं?"

"कधी करायचं ठरवलंस?"

"पेरणी उरकली की."

"पेरणी का?"

"आण्णाला आता लई काम हाय. एवढ्यात त्याला घोर नको."

बसवराज आत येऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसला.

मी लिंगाविषयी विचारले. मल्लिनाथ म्हणाला, "त्याला कशाला माझ्यासंगं. त्याचा काय दोष."

माझ्या नोकरीत मी पुष्कळ ओरडणे ऐकले, मारही खाल्ला. त्यातले बरेचसे विसरलो. या माणसाने मरणाची तारीख भावाच्या हंगामानुसार ठरवली होती आणि ती सांगताना त्याचा आवाज बियाण्याचा भाव सांगावा इतका सपाट होता. ते विसरता आले नाही.

मी त्याला सांगितले की हा दुसरा आजार आहे. पहिल्याइतकाच खरा, आणि यालाही उपचार आहेत. आळस नव्हे, नशीब नव्हे, आधीच्या आजाराचे शेपूट नव्हे. लातूरला भरती व्हावे लागेल. त्याने विचारले, "मी न्हाई म्हणलो तर?" मी म्हणालो, "तर मी इथेच बसून राहीन, आणि पुन्हा विचारीन."

"तुमची ओपीडी?"

"लोक शिव्या देत आहेत. देऊ देत."

तो हसला नाही, पण उठला. गंगाबाईने शिदोरी बांधली. बसवराजने शेजारच्या भुसार व्यापाऱ्याची जीप मागून आणली. व्यापाऱ्याने विचारले, "काय झालं?" बसवराजने उत्तर दिले, "मल्लूला बरं न्हाई." आठ वर्षांत त्याने हे चारचौघांत प्रथमच म्हटले असावे.

औसा मार्गे आम्ही सव्वाचारला लातूरला पोहोचलो. डॉक्टर उदगीरहून थेट आले होते. त्यांनी मल्लिनाथशी एकट्याशी पाऊण तास बोलून जुन्या निदानाखाली दुसरे निदान लिहिले. भरतीच्या कागदावर मल्लिनाथने स्वतः सही केली. तो अर्ज त्याने शब्द न् शब्द वाचला. बऱ्याच दिवसांनी त्याच्यासमोर कुणी त्याच्या सहीचा कागद ठेवला होता.

बसवराजने मला व्हरांड्यात गाठले.

"ब्रदर, आठ वर्सं गोळ्या नेल्या मी. एक बी चुकवली न्हाई."

"हो."

"मग?"

"त्या एका आजाराच्या होत्या."

याहून मऊ शब्द मला सापडायला हवे होते. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ठेवायला हरकत नव्हती, असे आता वाटते. दोष त्याचा नव्हता. मागच्या पाच महिन्यांच्या पाच नोंदी माझ्या अक्षरातल्या होत्या. सविस्तर विचारायची पद्धत मीच ठरवलेली, आणि हिवाळ्यापासून गर्दी वाढल्यावर मीच ती सोडून दिलेली. त्या सकाळी मी विचारले, हा योगायोग. आदल्या महिन्यात विचारले नव्हते. कार्डावर तसे दिसत नाही. कार्डावर दर महिन्याला सही आहे.

हा लेख पाठवण्यापूर्वी निलंग्याला जाऊन मल्लिनाथला वाचून दाखवला. नावे बदलली आहेत. बाकीच्याला त्याची हरकत नव्हती. एक दुरुस्ती मात्र त्याने सांगितली. "तुमी आलात म्हणून मी थांबलो, असं वाटू देऊ नका. पेरणीबिरणी मी नंतर जुळवलं. रविवारीच उठलो व्हतो गोदामाकडं जायला. वैनी दारातून हललीच न्हाई. शेंगा संपल्या तर दुसरं पोतं वतलं तिनं." दुरुस्ती मान्य करून इथे नोंदवली आहे. गंगाबाईला मी धन्यवाद दिले तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय, शेंगा फोडायच्याच व्हत्या."

त्या मंगळवारी सव्वासहाला मल्लिनाथला वॉर्डात घेतले. परिचारिकांच्या टेबलासमोरची खाट दिली. दर पंधरा मिनिटांनी पाहण्याचा तक्ता खाटेला अडकवला आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना समजावून सांगितला. बसवराजला घरी पाठवले. मग वॉर्डाच्या नियमाप्रमाणे मी मल्लिनाथचे खिसे तपासले. पट्टा नव्हता. पायजम्याला नाडी होती.

"ही काढावी लागेल."

त्याने ती ओढून काढून दिली. एका हाताने पायजमा धरून तो उभा राहिला. स्टोअरला कुलूप लागले होते. मी शिपायाला चहाच्या टपरीवरून बोलावून आणले, कुलूप उघडायला लावले आणि इलॅस्टिकचा पायजमा आणून दिला. तो बदलून होईपर्यंत पडद्याशी पाठ करून उभा राहिलो. नंतर नाडी गुंडाळून एका पाकिटात घातली, पाकिटावर त्याचे नाव आणि खाटेचा क्रमांक लिहिला, त्याखाली लिहिले, ‘घरी सोडण्याच्या दिवशी परत देणे’, आणि पाकीट कपाटाच्या वरच्या खणात ठेवले.